तोंडावर

उन्हाळ्याच्या तोंडावर माळ्यावरून कूलर उतरवला
तर वाळक्या खसात तुमचा पेचकस सापडला, बाबा.
मूठ पिवळी, तिच्यावर चिकटपट्टीचे तीन वेढे,
वेढ्यांवर तुमच्या अंगठ्याची खोलगट जागा.
माझा अंगठा ठेवून पाहिला.
मावला, आणि जागा उरली.

होळी झाली की तुम्ही घरचे राहत नव्हता.
धरमपेठ, सदर, लक्ष्मीनगर, जरीपटका,
सायकलच्या कॅरिअरला वूडवूलचं गाठोडं,
हँडलला लटकलेले दोन पंप, डोक्याला ओला दुपट्टा.
सेहेचाळीस डिग्रीत शहराच्या खिडक्या गार करत फिरायचात
आणि तांडापेठेतल्या आपल्या खोलीतला कूलर
मे सरेपर्यंत नुसता घरघरायचा, कोरडा.
आई विचारायची, आपला कधी?
"होते ना वं. थांब."

तुम्हाला स्वतःला थांबणं कधी जमलं नाही.
बोलताना तर मुळीच नाही.
वकीलसाहेबांनी मजुरीतले वीस रुपये कापले,
तेव्हा पक्षकारांनी भरलेल्या बैठकीत म्हणालात,
"साहेब, तुमचा कूलर नाई गयत. नियत गयते."
गिऱ्हाईक गेलं. वीस रुपयेही गेले.
आई दोन दिवस बोलली नाही,
तुम्ही मात्र दोन्ही दिवस बोलत होता.

माझ्या लग्नात व्याह्यांनी तोंड वाकडं केलं
तर पंगतीत उभं राहून म्हणालात,
"भाजी खारट झाली, मलेही समजते.
पोरीच्या तोंडाकडे पाहून जेवा, गोड लागन."
मांडवात मी मेल्याहून मेल्यासारखी.
आज सासूबाई हेच वाक्य
पाहुण्यांना ऐकवतात, स्वतःचं असल्यासारखं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचा बडग्या निघायचा.
बांबू, रद्दी, पोटाला कूलरचा फुटका टब,
छातीवर पाटी: नळाले पाणी नाई, बिलाले खंड नाई.
एका वर्षी नगरसेवक चौकात उभे राहून हसत होते.
तुम्ही त्यांच्यासमोर बडग्या थांबवलात.
"हसू नका भाऊ, नाक तुमचंच लावलं हाय."
तुमच्या खांद्यावर निहार,
घसा फुटेस्तोवर ओरडत, घेऊन जा गे मारबत!

त्याच संध्याकाळी तान्हा पोळा.
त्याच्यासाठी तुम्ही सागाचा बैल कोरला होता,
एक शिंग आखूड.
"आबा, हे असं काऊन?"
"भांडखोर बैल हाय बेटा. एक तं तुटनच."

मेडिकलच्या वॉर्डातही
सलाइन लावलेल्या हाताने कूलरकडे बोट दाखवत होता,
"सिस्टर, पंप जाम हाय. काडी घालून फिरवा."
बाहेर व्हरांड्यात डॉक्टर आमच्याशी कुजबुजत होते.
आतून तुमचा आवाज आला,
"जे सांगाचं थे माह्या तोंडावर सांगा."
ते आत आले. खुर्ची ओढून बसले. सांगितलं.
मोटर जळालेल्या कूलरपुढे हलवायचात
तशी तुम्ही मान हलवली.
"मंग बदलवण्यात पैसे नका घालू."

आणि मी, नत्थूजी पौनीकरांची मुलगी,
उशाशी बसून संत्र्याच्या फोडी सोलत राहिले.
एक गोष्ट सांगायची होती.
सालं गोळा केली, कचराकुंडी शोधत गेले,
परत आले तर तुम्ही झोपला होता.
तेवढंच. ती गोष्ट अजून माझ्याकडे आहे.

आज तुमच्याच पेचकसाने जाळी आवळली.
नवी खस भरली, दाबून नाही,
तुम्ही सांगायचात तशी, हवेला वाट ठेवून.
निहारने बटण दाबलं.
पंप खोकला, थांबला, मग पाणी चढलं,
पहिला ओला वारा सरळ माझ्या तोंडावर.
ओल्या खसाचा वास,
तुम्ही रात्री घरी यायचात तेव्हाचा.

"आई, हा तं गयते,"
शाळेत शुद्ध बोलणारा निहार म्हणाला.
पोरगा टबाकडे नाही,
माझ्याकडे पाहत होता.